पाण्यातून पाच थेंब

धार, माघ वद्य पंचमी, शके १८२९

भास्करा,

आशीर्वाद लिहिते आहे. घ्यायचा की नाही ते तुझ्यावर. मागची पत्रे तू फोडलीस की तशीच ठेवलीस, मला ठाऊक नाही. हे मात्र फोड. यात घरी ये म्हणून एक शब्दही लिहिणार नाही. मला औषध हवे आहे.

तात्यांना लघवी धरवत नाही. वडिलांविषयी बहिणीने भावाला असे लिहायचे नसते, पण तू आता देवासच्या दवाखान्यात कंपौंडर आहेस, तेव्हा कंपौंडरला लिहिते आहे असे समज. दीड वर्षापासून हे चालले आहे. मी उठते तोवर त्यांचे धोतर पिळून वाळत घातलेले असते. विचारले की म्हणतात, "आज लवकर जाग आली, स्नान उरकून घेतलं." एकाहत्तर वर्षांचा माणूस माघाच्या थंडीत विहिरीवर स्वतःचे धोतर धुतो आणि मी पाहिले नाही असे मी दाखवते. आमच्या घरात आता एवढेच बोलणे उरले आहे.

खोकले की होते. उठताना होते. आडोशापर्यंत जाईतो होऊन जाते. दिवसभर पाणी पिणे त्यांनी सोडले आहे. तरी होतेच. भगवंत वैद्यांनी आधी तिळाचे लाडू दिले, मग गोखरूचा काढा. काढ्याने तर दुप्पट झाले.

पाडव्याला राममंदिरात नवरात्र बसेल. नऊ दिवस, रोज दुपारी दोन तास पोथी. अडतीस वर्षे हे आसन तात्यांचे आहे. गेल्या साली ते वाचता वाचता दोनदा उठून गेले आणि वेळूच्या चिकाच्या पडद्यामागे बसलेल्या राजवाड्यातल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. परवा मंदिराचे कारभारी जयसिंगराव म्हणाले, "तात्या, यंदा दुसऱ्या कुणाला बसवू का?" तात्या घरी आले आणि अंगरखाही न काढता बसून राहिले. शुचिर्भूत आसनावर ओले होणे म्हणजे त्यांच्या लेखी काय, ते तुला सांगायला नको.

तुमच्या डॉक्टरांकडे म्हाताऱ्यांच्या या दुखण्यावर काही विलायती औषध असेल तर पाठव. तू पाठवलेस हे मी त्यांना सांगणार नाही. सांगितले तर घेणार नाहीत.

अक्का


धार, फाल्गुन शुद्ध नवमी, शके १८२९

भास्करा,

बाटली पोचली. महूच्या टांग्यातून एवढे धक्के खाऊनही फुटली नाही. तू ती कापसात बांधून वर वर्तमानपत्राचे चार पदर दिले होतेस. त्या चारही पदरांत मी चिठ्ठी शोधली. नव्हती. बाटलीवरच्या कागदावर मात्र तुझे अक्षर होते. "बेलाडोना. पाण्यातून पाच थेंब, दिवसातून तीनदा. विषारी आहे. वाढवायचे तर मला विचारून." पाच वर्षांनी तुझे अक्षर पाहिले. आता ते वाकडे पडत नाही.

भगवंत वैद्यांनी नवीन अर्क दिला आहे असे मी तात्यांना सांगितले. कडू आहे म्हणाले, पण घेतात.

चार दिवसांत फरक पडला रे. पाचव्या दिवशी धोतर कोरडे होते आणि विहिरीवर कोणी गेले नव्हते. सहाव्या दिवशी ते धारनाथाच्या देवळापर्यंत चालत जाऊन आले. आल्यावर ओसरीवर बसून मला म्हणाले, "दुर्गे, यंदा बालकांडापासून घेऊ." कितीतरी दिवसांनी त्यांनी मला नावाने हाक मारली. तुझे नाव त्यांना सांगण्याचा मोह झाला. आवरला.

तोंडाला कोरड पडते म्हणतात. पाणी प्यायले तरी जीभ टाळ्याला चिकटलेलीच राहते. चेहरा लालसर दिसतो, उन्हातून आल्यासारखा. तेवढे चालायचेच. नाही का?

अक्का


धार, फाल्गुन वद्य एकादशी, शके १८२९

भास्करा,

तुझे पत्र आले. दोन ओळींचे, पण पत्र. ते मी पोळपाटाखाली ठेवले आहे. तू लिहितोस, "तोंडाला कोरड पडणे ठीक. डोळ्यांतली बाहुली मोठी झाली किंवा बोलणे असंबद्ध झाले तर थांबव आणि कळव."

म्हणून कळवते आहे.

मध्ये चार दिवस पुन्हा धोतर ओले झाले. पाडवा जवळ आला होता. मी तुला न विचारता पाचाचे आठ थेंब केले. लगेच गुण आला. पण आता त्यांना पोथी दिसत नाही. लांबचे दिसते, वेशीवरचा झेंडा ओळखतात. पोथी समोर धरली की अक्षरे मुंग्यांसारखी चालतात म्हणतात. त्याची मला फार भीती नाही. त्यांना सगळे तोंडपाठ आहे आणि मी मागे बसून ओळ सांगू शकते. त्यांच्या पोथीवरूनच तर मी वाचायला शिकले.

डोळे मात्र निराळे झाले आहेत. तात्यांचे डोळे घारे, तुला माहीतच आहे. आता त्यांत घारा रंग उरलेला नाही. सगळे काळे. उजेड सहन होत नाही, म्हणून दुपारी जेवण झाले की मधल्या खोलीची खिडकी लावून बसतात. बाहेर फाल्गुनाचे ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि आत अंधारात ते बसलेले. हाताने हवेतून काहीतरी वेचत असतात. बारीक धागा ओढून बोटाला गुंडाळावा तसे.

आणि बोलतात. आधी मला वाटले पाठ म्हणताहेत. दाराशी जाऊन ऐकले. "ये. अशी इथे बस. भिंतीला टेकू नकोस, चुना लागेल." मग थांबले, समोरच्याने काही म्हटल्यासारखे. मग म्हणाले, "हो, हो, सांगतो तिला."

मी आत गेले. खोलीत कोणी नव्हते. तात्यांनी पाय जवळ ओढून घेतले होते, कुणालातरी बसायला जागा करून द्यावी तसे. माझ्याकडे न पाहताच मला म्हणाले, "पाणी आण गं. केव्हाची मागते आहे."

मी पाणी आणले. त्यांनी तांब्या घेतला आणि समोर, रिकाम्या जागेपुढे ठेवला. मला वाटले त्यांनाच तहान लागली असेल आणि भ्रमात असे बोलत असतील. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तसेच. तिसऱ्या दिवशी तात्या हाक मारायच्या आत मीच तांब्या भरून ठेवला.

कोण येते असे तू विचारशील. कोणीतरी बाई आहे एवढेच कळते.

रामनवमी झाली की थेंब बंद करते. तोवर रागावू नकोस.

अक्का


धार, चैत्र शुद्ध दशमी, शके १८३०

भास्करा,

काल जे झाले ते आज गावभर आहे, आणि महूच्या टांग्याबरोबर ते तुझ्यापर्यंत येईल. त्याआधी माझ्याकडून ऐक.

आठ दिवस पोथी उत्तम झाली. तात्या दोन दोन तास एकदाही न उठता बसले. जयसिंगराव स्वतः येऊन मला म्हणाले, "अक्का, तात्या पुन्हा पंचविशीचे झाले." पुढ्यात पोथी उघडी असायची, पण सगळे पाठच चालले होते. आवाज मात्र चिरकत होता आणि दर श्लोकाला जीभ ओठांवरून फिरत होती. लोकांना वाटले, म्हातारपण.

काल नवमी. मी सकाळी बारा थेंब दिले. देवळात निघताना आणखी आठ दिले. तू दहाच्या वर नको म्हणाला असतास हे मला माहीत होते. म्हणूनच विचारले नाही.

बरोबर बाराला जन्म व्हायचा होता. पाळणा फुलांनी सजवलेला, सुंठवड्याची ताटे ओळीने मांडलेली, मंडप दाटलेला. तात्या जन्मापर्यंत आले आणि थांबले. मी मागून ओळ सांगितली. त्यांनी ऐकली नाही. ते मंडपाच्या दाराकडे पाहत होते. एवढ्या उन्हाच्या लखलखाटात डोळे न मिटता पाहत होते. मग व्यासपीठावरून, ज्या आवाजात आठ दिवस पोथी सांगितली त्याच आवाजात म्हणाले,

"वाट द्या तिला. आत येऊ द्या."

लोक खरोखरच बाजूला झाले रे. दारापासून व्यासपीठापर्यंत वाट मोकळी झाली. त्या वाटेवर कोणी नव्हते. तात्यांची मान मात्र हळूहळू वळत होती, चालत येणाऱ्या माणसाबरोबर वळावी तशी. चिकामागे एक बाई किंचाळली.

"बस, यमुने," तात्या म्हणाले. "हिला अजून कुणीच पाणी दिलं नाही? अहो, ही जिवंत होती. मी निघालो तेव्हा जिवंत होती. मी हिला झोपडीत टाकून आलो."

जन्माची वेळ टळून गेली. पाळण्याची दोरी कोणी ओढली नाही. तात्या आसनावरून कलंडले तेव्हा मी धरले. अंग तव्यासारखे तापलेले आणि घामाचा एक थेंब नाही. शेजारच्या गणोजीने गाडीत घालून घरी आणले. दुपारभर लघवी अडली. पोट घागरीसारखे टणक झाले. ज्या गोष्टीसाठी औषध मागवले ती गोष्ट आता काही केल्या होईना. मी ओटीपोट शेकत राहिले. दिवे लागता लागता सुटका झाली आणि मी देवाला हात जोडले. एरवी ज्या वासाची मला किळस यायची त्या वासाला हात जोडले.

थेंब बंद केले आहेत. बाटलीत अजून निम्मे औषध आहे.

तात्या जे बोलले ते खरे का, हे तू विचारणार. हो, खरे आहे. पुढचे आज लिहवत नाही.

अक्का


धार, चैत्र वद्य सप्तमी, शके १८३०

भास्करा,

तुझे उत्तर नाही. नसणारच. तरी लिहायला बसले आहे. अर्धे सांगून थांबणे हे पाच वर्षे पुष्कळ केले.

प्लेगच्या साली तू महूला कंपौंडरीचे काम शिकत होतास. गाव रिकामे झाले आणि आम्ही तिघे नालछ्याच्या वाटेवर शेतातल्या छावणीत झोपडी बांधून राहिलो. तिसऱ्या आठवड्यात यमुनेला ताप भरला. जांघेत गाठ आली. ती एकोणीस वर्षांची होती. गाठ दिसली तर छावणीतले लोक तिघांनाही उचलून वेगळ्या छपरात टाकतील आणि तिथून कोणी परत येत नाही, असे सगळे म्हणत. तात्या म्हणाले, "आपण दोघे निघू. ती सकाळची दुपार करत नाही." मी नाही म्हटले नाही.

निघताना मी एक तांब्या भरला आणि दारात ठेवला. खाटेपाशी नव्हे, दारात. आत पाऊल टाकायचे धैर्य झाले नाही. ती शुद्धीवर होती. "वन्सं, पाणी," म्हणाली. दोनदा म्हणाली. मी ऐकले आणि गाठोडे उचलले.

तिसऱ्या दिवशी तात्या परत जाऊन आले आणि मला म्हणाले, "सगळं आटोपलं." मी काही विचारले नाही. तुला पत्र गेले ते, एका दिवसाच्या तापाने गेली, अग्नी दिला, असे. तू आलास तेव्हा तेरावे होऊन गेले होते. मला वेळेवर कळवले का नाही म्हणून तू भांडलास. महिना झाला नाही तोच तात्यांनी तुझ्या दुसऱ्या लग्नाचा विषय काढला आणि तू उठून गेलास तो देवासला. मी उंबऱ्यात उभी होते. तेव्हा सांगता आले असते.

आता थेंबांचे खरे कारणही सांगते. आठाचे बारा आणि बाराचे वीस मी केवळ रामनवमीसाठी केले नाहीत. दुपारी तात्या तिच्याशी बोलायचे तेव्हा मी दाराआड उभी राहून ऐकायचे. ती माझे नाव घेते का, मला ऐकायचे होते. थेंब जास्त दिले की तात्या जास्त बोलत. एवढेच मला कळत होते.

औषध थांबल्यावर तीन दिवसांत त्यांचे डोळे पुन्हा घारे झाले. धोतर पुन्हा ओले होऊ लागले. नवमीचे त्यांना काहीच आठवत नाही. पण काल जेवणानंतर मधल्या खोलीत गेले, खिडकी लावली, पुष्कळ वेळ बसले आणि बाहेर येऊन लहान मुलासारखे मला म्हणाले, "दुर्गे, ते कडू पाणी दे ना. ती येत नाही आता." मी म्हटले, "तात्या, त्यानं तुमचा जीव जाईल." म्हणाले, "जाऊ दे. रोज एक तांब्या तरी देत होतो."

मी दिले नाही. दुपारी ते ओसरीवर झोपले तेव्हा मी स्वतः वीस थेंब घेतले.

मला वेडी म्हण. तिला माझ्यापुढे येऊ दे, मागायचे ते मला मागू दे, असे वाटले. मधल्या खोलीत खिडकी लावून बसले. आधी जीभ वाळली. मग हृदय इतके जोरात धडधडू लागले की ते बाहेर कुठेतरी, आडावर, कुणी काही आपटते आहे असे वाटले. मग भिंती जवळ आल्या. आणि मग भास्करा, ती सगळी आली. दार उघडले नाही, पण आली. आई होती, शेवटच्या आजारातल्यासारखी केस मोकळे सोडून. माझे यजमान होते. लग्नातला फेटा बांधलेले, अठरा वर्षांचे, माझ्या निम्म्या वयाचे. तुझ्या आधीचा, पाचव्या महिन्यात गेलेला भाऊ आईच्या मांडीवर होता. पंगतीला बसावे तशी सगळी भिंतीलगत ओळीने बसली होती आणि माझ्याकडे पाहत होती. कोणी बोलत नव्हते, कोणी काही मागत नव्हते. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहत गेले. पुन्हा पहिल्यापासून पाहत गेले.

आपल्या घरची सगळी मेलेली माणसे होती. यमुना नव्हती.

मला हे केव्हा उमजले सांगू? आज सकाळी, शुद्ध पुरती आल्यावर, भांडी घासताना. राखेचा हात तसाच घेऊन मी तात्यांकडे गेले आणि पाच वर्षांत न विचारलेले विचारले. "तात्या, तुम्ही तिला अग्नी दिलात ना?"

त्यांच्या बसकराखाली ओल पसरली. आज त्यांनी ती लपवली नाही.

"झोपडी रिकामी होती," तात्या म्हणाले. "खाट रिकामी होती. तांब्या आडवा पडला होता. मी हाका मारल्या. मग घाबरलो आणि परत आलो."

उद्या गणोजीची गाडी घेऊन नालछ्याकडे जाते.

अक्का


धार, वैशाख शुद्ध पंचमी, शके १८३०

भास्करा,

हे पत्र बसून वाच. दवाखान्यात उभ्याने वाचू नकोस.

पहिल्या खेपेला काही हाती लागले नाही. छावणीच्या जागी आता गहू काढलेले रान आहे. दुसऱ्या खेपेला गणोजीने तुकारामाला शोधून काढले. तो त्या वेळी छावणीवर चौकीदार होता, आता नालछ्याच्या नाक्यावर बसतो. मी झोपडीची खूण सांगितली आणि विचारले, "तिथे एक बाई मेली होती. तिला कुणी उचलली?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "वा मरी नी थी, बाई," म्हणाला. "अपने पग से चालती हुई गी. झाड धरती, बैठती, फिर उठती."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"कोई पूछने आया ही नी."

गावाबाहेर विणकरांची वस्ती आहे, बलायांची. तिकडे त्याने बोट केले. मी गाडीतून उतरून चालत गेले. ऐन दुपार होती. एका अंगणात सूत वाळत घातले होते आणि एक बाई पाठमोरी उभी राहून ते सोडवत होती. गावातल्या बायकांसारखे लुगडे, डोक्यावर पदर. हवेतून बारीक धागा ओढून बोटाला गुंडाळत होती. माझे पाय जागच्या जागी राहिले. मी थेंब घेतलेले नव्हते. भर उन्हात, पूर्ण शुद्धीवर मी ते पाहत होते.

ती वळली. माझे बोडके डोके, अंगावर अलवण. ओळखायला तिला क्षणही लागला नाही.

"वन्सं," म्हणाली. "उन्हात का उभ्या? सावलीत या."

भास्करा, यमुना जिवंत आहे.

मी तिच्या पायांवर पडायला गेले. तिने पाय मागे घेतले. रागाने नव्हे. म्हणाली, "नका. शिवाल, मग घरी जाऊन स्नान करावं लागेल." ओट्यावर एक म्हातारी बसली होती. तिला यमुना माई म्हणते. प्लेगच्या साली बाजाराहून येताना या माईने तिला वाटेवर पडलेली पाहिले आणि उचलून घरी आणले. गाठ फुटली, ताप उतरला. "तांब्या दारात होता," यमुना म्हणाली. "दारापर्यंत यायला मला दीड दिवस लागला." एवढेच बोलली. दूषण असे काही नाही. दिले असते तर बरे झाले असते.

मी विचारले, "बरी झालीस तेव्हा आली का नाहीस?"

"येणार होते. तुकाराम धारहून आला आणि म्हणाला, तुमच्या घरी माझं तेरावं झालं. पान वाढलं, ब्राह्मण जेवले. मग मी कोण म्हणून येणार होते, वन्सं? आणि तोवर मी माईच्या हातचं पाणी प्याले होते, भाकरी खाल्ली होती. तुम्ही घरात घेतलं असतंत?"

उत्तर तिला ठाऊक होते.

मग ती म्हणाली, "मामंजी कसे आहेत?" मी सगळे सांगितले. धोतरापासून ते नवमीपर्यंत. मध्येच ती उठली, माईला हाताला धरून आडोशाला घेऊन गेली, परत आणून बसवले. "हिचंही तेच दुखणं आहे," म्हणाली. "दोन वर्षं झाली. मी दिवसातून सात-आठ वेळा हिला उठवते. लागलेली असो नसो, हात धरून नेते. लागेपर्यंत थांबलं की उशीर होतो. पाणी तोडायचं नाही, त्यानं उलट जळजळ होते. बाकी मला औषधातलं काही कळत नाही."

मी निघाले तेव्हा ऊन उतरले होते. मी विचारले, "भास्करला काय सांगू? तो पाच वर्षं एकटा आहे. दुसरं लग्न केलं नाही त्यानं."

तिच्या हातातले सूत थांबले. हे तिला माहीत नव्हते. मग धागा पुन्हा ओढत म्हणाली, "सांगायचं तर सांगा. पण न्यायला येऊ नका म्हणावं. माईला टाकून मी कुठे जाणार नाही. यायचं तर राहायला यावं."

हे तिचे शब्द आहेत. मी एकही बदललेला नाही. राहायला येणे म्हणजे काय, जात काय म्हणेल, देवासच्या दवाखान्यात काय होईल, हे तिलाही कळते आणि तुलाही कळेल. मी सल्ला देत नाही. सल्ला द्यायचा हक्क मी दारात तांब्या ठेवून आले तेव्हाच गेला.

घरी आल्यावर तात्यांना सांगितले. वाटले, रडतील. सुटल्यासारखे होईल त्यांना. ते ऐकत राहिले. मग त्यांनी माझे मनगट पकडले आणि अगदी हळू विचारले, "ती जिवंत आहे, तर मग दुपारी यायची ती कोण?"

मी म्हटले, "औषध होतं ते, तात्या. दुसरं काही नाही."

"औषध पाणी पितं?" तात्या म्हणाले. "तांब्या रोज रिकामा व्हायचा."

तांब्या मीच उचलत असे. रिकामा असे, हे खरे आहे. तात्या पीत असतील असे मी धरून चालले होते. आता ते दुपार झाली की मधल्या खोलीची कडी बाहेरून लावायला सांगतात आणि ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसतात. मी कडी लावते. आत काही आहे का, ते मी पाहिलेले नाही. पाहणारही नाही. उरलेला अर्क आडामागे मातीत ओतला.

यमुनेने सांगितले तसे आठवडाभर करते आहे. दर दोन तासांनी जाते, म्हणते, "तात्या, चला." पहिल्या दिवशी त्यांनी हात झिडकारला. आता हात पुढे करतात. या आठवड्यात दोनदाच चुकले. मुलीचा हात धरून आडोशाला जायची त्यांना लाज वाटते आणि मला वाटत नाही. पोथीच्या आसनावर पुढल्या साली दुसरे कोणी बसेल. त्याबद्दल ते बोलत नाहीत.

महूहून टांगा सकाळी सुटतो आणि धारला दुपारी तीनच्या सुमारास येतो. नालछ्याला जायला गणोजीची गाडी मिळेल, मी त्याला सांगून ठेवले आहे. ती वाट आपल्या दारावरूनच जाते. तू थांबलेच पाहिजेस असे नाही.

अक्का